नाक कुणाचं दाबलं जातं?

प्रश्न असा आहे : "ज्या राज्यकर्त्याला निवडणुकीची धास्ती नाही, वर्तमानपत्रांची भीती नाही आणि रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर गोळ्या झाडायला जो कचरत नाही, त्याच्यावर आर्थिक निर्बंधांचा काही परिणाम होतो का? होत नसेल, तर जग ते पुन्हा पुन्हा का लावतं?"

मी बँकेच्या परदेशी व्यापार विभागात बावीस वर्षं काम केलं. त्यातली शेवटची तेरा वर्षं निर्बंधांच्या तपासणीत गेली. पैसे कोणाला चालले आहेत, माल कुठल्या जहाजावर आहे, तो शेवटी कोणाच्या हातात पडणार आहे, हे कागदांवरून ताडायचं आणि व्यवहार सोडायचा की अडवायचा ते ठरवायचं, हे माझं काम. परराष्ट्र खात्यात बसून निर्बंध जसे दिसतात तसे ते मला कधी दिसले नाहीत. मला ते लेटर ऑफ क्रेडिट (ठरलेले कागद दाखवले की पैसे देण्याची बँकेची हमी) आणि बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजावर चढल्याची पावती) दिसले.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. परिणाम होतो, पण हुकूमशहा पाडण्यापुरता सहसा होत नाही. त्याच्याकडून एखादी ठरावीक, त्याला सोडता येण्याजोगी गोष्ट सोडवून घेता येते, आणि तीसुद्धा 'मी हे सोडलं तर निर्बंध खरोखर उठतील' यावर त्याचा विश्वास बसला तरच. सगळी चर्चा निर्बंध किती कडक आहेत यावर चालते. ते उठवता येतील का, हे फारसं कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

आकडेही साधारण याच बाजूने बोलतात. हफबाउर, शॉट आणि एलियट या अभ्यासकांनी पहिल्या महायुद्धापासूनची 204 प्रकरणं तपासली. त्यांच्या हिशेबाने सुमारे एक तृतीयांश प्रकरणांत निर्बंधांना निदान अंशतः यश आलं. मागणी छोटी आणि नेमकी असेल तिथे हे प्रमाण निम्म्यावर जातं, राजवट बदलण्याची मागणी असेल तिथे तीस टक्क्यांच्या आसपास उतरतं. रॉबर्ट पेप यांनी याच अभ्यासाच्या आधीच्या आवृत्तीतली यशस्वी म्हटलेली चाळीस प्रकरणं पुन्हा उलगडली आणि जेमतेम पाच खरी मानली. बाकीच्यांत सैन्य वापरलं गेलं होतं, किंवा समोरच्याने मुळात मान तुकवलेलीच नव्हती. 'यश' कशाला म्हणायचं यावर हा वाद अडतो, त्यामुळे तो मिटणार नाही. एक गोष्ट मात्र दोन्ही हिशेबांतून निसटते : नुसत्या धमकीनेच काम झालं, तर निर्बंध लागतच नाहीत आणि ते प्रकरण मोजलंही जात नाही.

निर्बंधांमागचा विचार आपल्या एका म्हणीत अख्खा बसतो : नाक दाबलं की तोंड उघडतं. लोकशाहीत ही म्हण बऱ्यापैकी खरी ठरते, कारण महागाईने गांजलेला माणूस मत देतो. हुकूमशाहीत नाक एकाचं असतं आणि तोंड दुसऱ्याचं. त्याहून वाईट म्हणजे, टंचाई हे राज्यकर्त्याच्या हातातलं हत्यार होतं.

इराकचं उदाहरण घ्या. कुवेतवर 2 ऑगस्ट 1990 रोजी हल्ला झाला आणि चारच दिवसांत, 6 ऑगस्टला, सुरक्षा परिषदेने ठराव 661 करून इराकचा जवळजवळ सगळा व्यापार बंद केला. इतके सर्वंकष निर्बंध क्वचितच कुठे लागले असतील. सद्दाम हुसेनच्या सरकारने लगेच रेशनकार्डं काढली. पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल हे सगळं ठरवून दिलेल्या दुकानदाराकडून, कुटुंबाच्या नोंदणीप्रमाणे मिळायचं. ज्या सरकारच्या कृत्यामुळे टंचाई आली, तेच सरकार घराघरात धान्य पोचवणारा एकमेव हात बनलं. ज्याचं नाव त्या वहीत आहे, तो सरकारविरुद्ध कसा उठणार? स्वतःचा पैसा, स्वतःची नोकरी, स्वतःचा धंदा असलेला मध्यमवर्गच राजवटीला आव्हान देऊ शकला असता, आणि निर्बंधांनी आधी तोच धुऊन नेला. लोक घरातली पुस्तकं आणि फर्निचर विकत होते.

पुढे 'अन्नासाठी तेल' योजना आली : इराकने तेल विकायचं आणि त्या पैशातून अन्न-औषधं घ्यायची. डिसेंबर 1996 मध्ये त्याखालचं पहिलं तेल निघालं. पैसे संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या खात्यात जमा व्हायचे, पण माल कोणाकडून घ्यायचा ते इराक ठरवायचा, आणि तिथेच पाणी मुरलं. पुरवठादारांच्या करारांत 'विक्रीपश्चात सेवा' या नावाखाली दहा टक्क्यांच्या आसपास रक्कम वाढवली जायची आणि ती गुपचूप बगदादला परत जायची. ट्रॅक्टरला विक्रीपश्चात सेवा लागते हे समजू शकतं. धान्याला कसली लागते? कागद वाचायची सवय असलेल्या कोणालाही हे खटकायला हवं होतं. पॉल व्होल्कर यांच्या चौकशी समितीने 2005 मध्ये हिशेब मांडला : अशी लाच दीड अब्ज डॉलरच्या वर होती, तेलावरचा चोरटा अधिभार वेगळाच, आणि त्यात दोन हजारांहून जास्त कंपन्या गुंतलेल्या. या योजनेचे बगदादमधले प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी 1998 मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी 2000 मध्ये दिला. लोकांचे हाल पाहवेनात म्हणून दोघेही बाहेर पडले. संयुक्त राष्ट्रांत आयुष्य काढलेली ही माणसं होती, हे ध्यानात ठेवावं.

आणि तरीही इराकचे निर्बंध पूर्ण वाया गेले असं मी म्हणणार नाही. सद्दामचे अण्वस्त्र आणि रासायनिक शस्त्रांचे कार्यक्रम पुन्हा उभे राहिले नाहीत. 2003 च्या युद्धानंतर शोधूनही साठे सापडले नाहीत. निर्बंध आणि निरीक्षक मिळून हे काम झालं होतं. मग सद्दाम निरीक्षकांना मोकळेपणाने सहकार्य का देत नव्हता? एक कारण असं, की मार्च 1997 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट यांनी जाहीर भाषणात सांगितलं होतं, शस्त्रांबाबतच्या अटी पाळल्या म्हणून निर्बंध उठावेत हे आम्हाला मान्य नाही. म्हणजे शस्त्रं सोडली तरी सुटका नाही. सुटका नसेल तर कुठलाही कर्जदार हप्ता भरत नाही, हे बँकेत नवीन लागलेल्या कारकुनालाही कळतं.

याच्या नेमकं उलट लिबियात झालं, आणि माझ्या व्यवसायातल्या माणसाला ते प्रकरण फार शिकवून जातं. स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर 1988 मध्ये प्रवासी विमान बॉम्बने उडवलं गेलं, 270 माणसं मेली. सुरक्षा परिषदेने 1992 आणि 1993 मध्ये निर्बंध लावताना प्रामुख्याने जे मागितलं ते मोजता येण्याजोगं होतं : दोन लिबियन संशयित खटल्यासाठी हवाली करा. लिबियाचा हुकूमशहा गद्दाफीने सात वर्षं ताणलं. एप्रिल 1999 मध्ये त्याने दोघांना दिलं आणि संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लगेच स्थगित झाले. पुढे भरपाई ठरली ती दर मृतामागे एक कोटी डॉलर, पण टप्प्याटप्प्याने. चाळीस लाख संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध कायमचे उठल्यावर, चाळीस लाख अमेरिकेचे उठल्यावर, वीस लाख दहशतवादाला आश्रय देणाऱ्या देशांच्या यादीतून नाव निघाल्यावर. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये असंच असतं : हा कागद दाखव, ही रक्कम घे. डिसेंबर 2003 मध्ये गद्दाफीने शस्त्रकार्यक्रमही सोडला. तो काही सज्जन झाला नव्हता, आपल्याच लोकांवर पुढे त्याने काय केलं ते जगाने पाहिलं. पण ठरलेली मागणी पदरात पडली, कारण तिची किंमत आणि पावती दोन्ही लिहिलेली होती.

निर्बंध उठवणं किती अवघड असतं हे समजायला मकाऊमधल्या बँको डेल्टा एशियाइतकं चांगलं प्रकरण नाही. सप्टेंबर 2005 मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने या छोट्या बँकेवर काळ्या पैशाचा ठपका ठेवला. तिथली उत्तर कोरियाची सुमारे अडीच कोटी डॉलरची खाती गोठली. रक्कम देशाच्या मानाने किरकोळ, पण इतर बँकांनी धसका घेतला आणि उत्तर कोरियाशी व्यवहार तोडले. प्याँगयाँग खवळलं. वर्षभराने, ऑक्टोबर 2006 मध्ये, त्यांनी पहिली अणुचाचणी केली. पुढे वाटाघाटीत ठरलं की पैसे परत करायचे आणि योंगब्योनची अणुभट्टी बंद करायची. अमेरिका द्यायला तयार, उत्तर कोरिया घ्यायला तयार, आणि मधे पैसे हलवायला एकही बँक तयार नाही! ज्या पैशाला अमेरिकेने डाग लावला, तो हातात कोण धरणार? महिनोन् महिने गेले. शेवटी जून 2007 मध्ये न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक आणि रशियाची मध्यवर्ती बँक मधे पडल्या, तेव्हा ती रक्कम रशियातल्या एका बँकेतल्या खात्यात पोचली. जुलैत अणुभट्टी बंद झाली. मूठभर पैसे परत करायला दोन महासत्तांच्या मध्यवर्ती बँका लागल्या. मी हे प्रकरण नव्या सहकाऱ्यांना कायम सांगत आलो, कारण मंत्र्याची सही झाली की निर्बंध उठले, असा बहुतेकांचा समज असतो.

इराणमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. मार्च 2012 मध्ये इराणी बँका स्विफ्टच्या, म्हणजे जगभरच्या बँका एकमेकींना व्यवहारांचे निरोप पाठवतात त्या जाळ्यातून बाहेर काढल्या गेल्या, 1 जुलैपासून युरोपने तेल घेणं थांबवलं. तेलाची निर्यात निम्म्यावर आली. जे तेल विकलं जायचं त्याचे पैसेही खरेदीदार देशातल्या बँकेत अडकून पडायचे. रियाल कोसळला. 2013 मध्ये निर्बंधांतून मार्ग काढण्याचं आश्वासन देत हसन रूहानी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि 14 जुलै 2015 रोजी अणुकरार झाला. युरेनियमचं संपृक्तीकरण (ते जितकं जास्त, तितकं युरेनियम बॉम्बच्या जवळ) 3.67 टक्क्यांवर आणि साठा 300 किलोवर बांधला गेला. जास्तीचं सुमारे अकरा टन युरेनियम डिसेंबरमध्ये जहाजाने रशियाला रवाना झालं. हुकूमशाहीवर निर्बंध चालतच नाहीत म्हणणाऱ्यांनी हे अकरा टन विसरू नयेत.

पण 16 जानेवारी 2016 रोजी निर्बंध उठल्यावर काय झालं ते मी माझ्या टेबलावरून पाहिलं. फार काही झालं नाही. डॉलरमधले व्यवहार बंदच होते. बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण आणि क्यूबाच्या व्यवहारांसाठी 2014 मध्ये झालेला जवळपास नऊ अब्ज डॉलरचा दंड सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांना मे 2016 मध्ये लंडनला येऊन युरोपीय बँकांना समजवावं लागलं की कायदेशीर व्यवहार करायला हरकत नाही. ज्या अमेरिकेने दंड ठोकले तीच धीर देत होती, आणि बँका हलत नव्हत्या. मग 8 मे 2018 रोजी अमेरिका करारातूनच बाहेर पडली, आणि तीही आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था 'इराण अटी पाळतो आहे' असे अहवाल देत असताना. टोटाल या फ्रेंच तेलकंपनीने इराणमधला साऊथ पार्सचा वायुप्रकल्प सोडला. युरोपने पर्यायी मार्ग म्हणून इन्स्टेक्स नावाची यंत्रणा उभी केली. मार्च 2020 मध्ये तिच्यातून पहिला व्यवहार झाला आणि 2023 मध्ये ती गुंडाळली गेली. इराण एप्रिल 2021 मध्ये 60 टक्के संपृक्तीकरणावर पोचला. 2012 चे निर्बंध यशस्वी आणि 2018 चे अपयशी, असं का? कडकपणात 2018 चे कुठेच कमी नव्हते. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी समोरच्याला कळून चुकलं होतं : आपण शब्द पाळला तरी पलीकडून पाळला जाईलच असं नाही.

याच काळातली एक फाइल मला अजून आठवते. आमच्या एका निर्यातदाराला तेहरानच्या रुग्णालयासाठी डायलिसिसचे फिल्टर पाठवायचे होते. अन्न, औषधं, वैद्यकीय साहित्य यांना निर्बंधांतून सूट असते. या मालालाही होती. मी परवान्याचे कागद तपासले, रुग्णालयाचं नाव सगळ्या याद्यांवर पाहिलं, मालकीची साखळी काढली, कुठेही काही आढळलं नाही. पैसे युरोमध्ये, तिसऱ्या देशातल्या करस्पॉन्डंट बँकेमार्फत (दोन बँकांमधले पैसे पोचवणारी मधली बँक) येणार होते. तिचं उत्तर एका ओळीचं आलं : 'हा व्यवहार आमच्या जोखीम धोरणात बसत नाही.' आम्ही दुसरी बँक गाठली, तिनेही तेच कळवलं. कायदा कोणीच मोडला नव्हता, नकारही कायद्याने दिला नव्हता. फिल्टरच्या अख्ख्या खेपेवर बँकेला मिळणारं कमिशन काही शे युरोंचं, आणि चूक झाली तर दंड अब्जावधींचा. ती बँक माझी असती तर मीही कदाचित तेच केलं असतं, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही. निर्यातदार माझ्यासमोर बसून विचारत होता, "साहेब, सूट आहे ना? मग अडतंय कुठे?" ऑर्डर रद्द झाली. डायलिसिस आठवड्यातून तीनदा लागतं. त्याला धोरण कळत नाही.

वर्णभेदी राजवटीच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेचा दाखला निर्बंधांच्या बाजूने नेहमी दिला जातो आणि तो बराचसा खरा आहे. पण तिथे सर्वांत खोल घाव कुठल्याही सरकारी ठरावाने केला नाही. जुलै 1985 मध्ये अमेरिकेच्या चेस मॅनहॅटन बँकेने अल्पमुदतीच्या कर्जांचं नूतनीकरण थांबवलं, इतर बँका मागोमाग गेल्या. 15 ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा यांनी भाषणात सुधारणांना ठेंगा दाखवला आणि तिथलं चलन, रँड, गडगडलं. ऑगस्टअखेर शेअर बाजार आणि चलनबाजार काही दिवस बंद ठेवावे लागले, सप्टेंबरमध्ये सरकारने कर्जफेड थांबवली. त्याच महिन्यात बडे गोरे उद्योगपती झांबियात जाऊन, देशात बंदी असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या नेत्यांना भेटले. गोऱ्या अल्पसंख्याकांना मत होतं, संसद होती, उद्योगपतींना स्वतःचा आवाज होता. नाक ज्यांचं दाबलं गेलं, त्यांच्यातल्या काहींना तोंड होतं. देशातला प्रचंड लढा आणि शीतयुद्धाचा शेवट ही कारणं निर्बंधांपेक्षा मोठी, हेही सांगायला हवं. उत्तर कोरियात असा उद्योगपती कुठून आणणार?

ऱ्होडेशियाबद्दल, म्हणजे आजच्या झिंबाब्वेबद्दल, थोडक्यात. इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने नोव्हेंबर 1965 मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन म्हणाले, महिन्यांत नाही तर आठवड्यांत हे आटपेल. चौदा वर्षं लागली. शेजारची दक्षिण आफ्रिका आणि पोर्तुगीज मोझांबिक माल आत-बाहेर करत राहिले, आणि खुद्द अमेरिकेने 1971 मध्ये कायदा करून तिथलं क्रोम घ्यायला परवानगी दिली. शेजाऱ्याचं दार उघडं असेल तर पुढच्या दाराला कितीही कुलपं लावा.

आता रशिया, कारण प्रश्नामागे बहुधा तोच आहे. युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, फेब्रुवारी 2022 मध्ये, रशियाच्या मध्यवर्ती बँकेची परदेशांत ठेवलेली सुमारे 300 अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली. इतक्या मोठ्या अर्थव्यवस्थेशी असं याआधी कोणी केलं नव्हतं. रशियाने व्याजदर 20 टक्क्यांवर नेला, निर्यातदारांना परकीय चलन विकायला लावलं, पैसा बाहेर जायची दारं बंद केली. रुबल पडला आणि काही महिन्यांत वर आला. तेल आणि वायू मात्र विकले जातच होते. त्या वर्षी चढ्या भावांमुळे रशियाला परदेशी व्यापारात विक्रमी वाढावा मिळाला. रशियन तेलावर पिंपामागे 60 डॉलरची किंमतमर्यादा लागली ती डिसेंबरमध्ये, आणि तोवर जुन्या टँकरांचा छुपा ताफा जमू लागला होता.

त्या ताफ्यातली जहाजं मी कागदावर खूप पाहिली. नाव वर्षात तीनदा बदललेलं, झेंडा दोनदा, मालक कंपनी जेमतेम चार महिन्यांची. बदलत नाही तो फक्त सात आकडी आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळखक्रमांक, म्हणून आम्ही नाव न बघता तो बघतो. मग जहाजाच्या ठावठिकाण्याची नोंद काढायची. अकरा दिवस सिग्नल बंद, आणि पुन्हा चालू झाला तेव्हा जहाज पाण्यात खोल बसलेलं, म्हणजे भरलेलं. कुठे भरलं, हे कागदावर नसतं. यंत्रांचे सुटे भागही असेच जात. मध्य आशियातल्या एका छोट्या देशातल्या कंपनीने औद्योगिक बेअरिंगची मोठी ऑर्डर दिली होती. कंपनीची नोंदणी मे 2022 ची, पत्ता राहत्या इमारतीतल्या फ्लॅटचा, आणि एवढी बेअरिंग वापरेल असा कारखाना त्या शहरात नाही. आम्ही व्यवहार अडवला. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने अशा व्यवहारांत मदत करणाऱ्या परदेशी बँकांनाच लक्ष्य करण्याचा आदेश काढला, तेव्हा तुर्कस्तान आणि चीनमधल्या बँकांनी रशियाचे पैसे अडवायला सुरुवात केली. माझ्या अनुभवात हजार नावांच्या यादीपेक्षा हा एक आदेश जास्त बोचला.

युद्ध थांबलं का? नाही. म्हणून निर्बंध फसले असं म्हणायच्या आधी दोन वेगळी कामं ओळखायला हवीत. एक, मन वळवणं. दुसरं, हात बांधणं. रशियाचं मन वळलं नाही. हात मात्र काही प्रमाणात बांधले गेले : सुटे भाग महाग, आडमार्गाने आणि उशिरा मिळतात, ऑक्टोबर 2024 मध्ये व्याजदर 21 टक्क्यांवर गेला. दुसऱ्या कामासाठी समोरच्याचा विश्वास लागत नाही, फक्त वर्षानुवर्षं चिकाटी लागते. पहिल्या कामासाठी मॉस्कोने नेमकं काय केलं की कुठले निर्बंध कुठल्या दिवशी उठतील, हे कुठेतरी एका पानावर लिहिलेलं असायला हवं. निर्बंध लावणाऱ्या सगळ्या देशांनी मिळून मान्य केलेलं तसं पान मी पाहिलेलं नाही.

मग जग ते पुन्हा पुन्हा का लावतं? निषेधाचं पत्रक आणि युद्ध यांच्या मधे दुसरं काही हाताशी नाही म्हणून. काहीच न करणं हाही एक संदेश असतो, आणि तो हुकूमशहांना नीट ऐकू येतो. त्यामुळे निर्बंध नकोतच, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं असं, की निर्बंधांच्या मसुद्यातच ते उठवण्याचे टप्पे लिहावेत आणि औषध-अन्नाच्या पैशाचा मार्ग, बँकेच्या नावासकट, त्याच दिवशी उघडावा. हे अशक्य नाही. इराणच्या तेलावर आणि बँकांवर नोव्हेंबर 2018 मध्ये निर्बंध परतले. स्वित्झर्लंडमार्फत अन्न आणि औषधांसाठी अमेरिकेने मान्य केलेला मार्ग पूर्णपणे सुरू झाला तो फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस. त्याआधी जानेवारीत चाचणीदाखल जो पहिला माल गेला, ती कर्करोगाच्या आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची औषधं होती. मधे पंधरा महिने गेले होते.